एक डोळा झाकला आणि चहा कपाबाहेर पडला

आत्याच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्याच संध्याकाळची गोष्ट. पट्टी दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होती. डॉक्टरांनी विश्रांती घ्यायला सांगितलं होतं, पण गोव्यातल्या डिचोलीच्या आमच्या घरात चहा आत्याशिवाय दुसऱ्या कुणी गाळलेला तिला चालत नाही. तिने किटली उचलली, कपावर धरली आणि ओतली. चहाची धार कपाच्या पुढच्या काठापासून बोटभर अलीकडे, थेट टेबलावर पडली.

"कप कुणी सरकवला रे?" आत्याने विचारलं.

कप कुणीच सरकवला नव्हता. पन्नास वर्षं रोज दहा-बारा कप भरणारा तो हात, तोही थरथरला नव्हता. उघड्या डाव्या डोळ्याने तिला कप स्वच्छ दिसत होता, त्यावरची निळी फुलंसुद्धा. दिसत नव्हतं ते एवढंच, की कप नेमका किती लांब आहे. दुसऱ्या कपाच्या वेळी तिने किटलीची चोच आधी कपाच्या काठाला टेकवली आणि मग ओतलं. एक थेंब सांडला नाही. जे डोळ्याला कळत नव्हतं ते तिने हाताला विचारून घेतलं.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. डोळ्याची आकृती फळ्यावर किती वेळा काढली असेल याची गणती नाही. भिंग, बाहुली, दृष्टिपटल, उलटी प्रतिमा, सगळं येतं त्यात. पण त्या आकृतीत एकच डोळा असतो, आणि आत्याच्या टेबलावरच्या चहाचं उत्तर एका डोळ्याच्या आकृतीत सापडत नाही.

आधी अडचण काय आहे ते बघू. डोळ्याच्या मागच्या आतल्या बाजूला दृष्टिपटल असतं, कागदासारखं पातळ. समोरच्या जगाचं चित्र त्याच्यावर उमटतं. प्रकाशाचा किरण तिथे पोहोचला की तो कुठल्या दिशेने आला हे कळतं. किती लांबून आला, याची खूण त्याच्यावर नसते. हात लांब करून धरलेलं रुपयाचं नाणं पुनवेचा अख्खा चंद्र झाकून टाकतं. चित्रापुरतं बोलायचं तर नाणं चंद्रापेक्षा मोठं आहे. जगाला लांबी, रुंदी आणि खोली आहे, चित्राला फक्त लांबी आणि रुंदी. खोली वाटेत गळाली. ती मेंदूला परत बांधून काढावी लागते, आणि ही बांधणी आपण जागे असताना अखंड चालू असते.

आता एक प्रयोग करा. वाचता वाचता नको, खरंच उठून करा. खिडकीपाशी उभे राहा, हात सरळ पुढे करून अंगठा वर धरा. डावा डोळा मिटून उजव्या डोळ्याने अंगठा समोरच्या एखाद्या माडाच्या खोडावर आणा. आता अंगठा न हलवता डोळे बदला, उजवा मिटा, डावा उघडा. अंगठा उडी मारून माडाच्या बाजूला जाईल. माड वीसेक मीटरवर असेल तर ती उडी तिथे जवळजवळ दोन मीटरांची भरेल.

अंगठा जागचा हलला नाही. बघण्याची जागा हलली. मोठ्या माणसाच्या दोन बाहुल्यांमध्ये सरासरी ६३ मिलिमीटर अंतर असतं, म्हणजे सहा सेंटिमीटरांहून थोडं जास्त. इतक्या अंतरावरून बघणारे दोन डोळे एकच वसरी, एकच आंगण, एकच तुळशीवृंदावन किंचित वेगळ्या कोनांतून बघतात. जवळच्या वस्तूच्या बाबतीत हा वेगळेपणा जास्त, लांबच्या वस्तूच्या बाबतीत कमी. मी त्याला तफावत म्हणतो. पुढची सगळी कथा या तफावतीची आहे.

जाता जाता, याच उडीवरून अंतर मोजता येतं. आपल्या हाताची लांबी दोन बाहुल्यांमधल्या अंतराच्या साधारण दहापट असते. म्हणून अंगठ्याने लांबवर जेवढी उडी मारली, त्याच्या दहापट ती जागा आपल्यापासून लांब. रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या बसच्या दुप्पट लांबीएवढी उडी दिसली आणि बस दहा मीटरची धरली, तर बस दोनशे मीटरांवर आहे. आमच्या शाळेतल्या मुलांना ही युक्ती कुठल्याही सूत्रापेक्षा जास्त आवडते.

दोन डोळ्यांना वेगवेगळं दिसतं हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत होतं. लिओनार्दो दा विंचीने लक्षात घेतलं होतं की समोर गोळा ठेवला तर तो प्रत्येक डोळ्यापासून मागच्या भिंतीचा वेगळा भाग लपवतो, आणि म्हणून चित्रकाराने कितीही जीव ओतला तरी सपाट चित्राला खऱ्या वस्तूचा उठाव येणार नाही. तरीही हा फरक म्हणजे मेंदूला कसंबसं मिटवावं लागणारं भांडण, असाच समज होता. हे भांडणच खोलीची बातमी आणतं हे दाखवलं चार्ल्स व्हीटस्टन यांनी, १८३८ मध्ये, लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे. बारावीला भौतिकशास्त्र शिकलेल्यांना हे नाव ओळखीचं वाटेल. व्हीटस्टन ब्रिजवाले तेच.

त्यांचं उपकरण अगदी साधं होतं. नाकासमोर दोन आरसे काटकोनात जोडलेले, आणि डाव्या-उजव्या बाजूंना एकेक चित्र. डाव्या डोळ्याला डावं चित्र दिसतं, उजव्याला उजवं. चित्रं कसली, तर नुसत्या रेघांची. एखादा घन डाव्या डोळ्याला जसा दिसेल तसा एका कागदावर, उजव्याला दिसेल तसा दुसऱ्यावर. छटा नाही, सावली नाही, रंग नाही. उपकरणात डोळे लावले की त्या रेघा कागद सोडून हवेत उभ्या राहत. रेघाच का निवडल्या, हा यातला खरा हुशारीचा भाग आहे. चित्रात सावली असती तर कुणीही म्हणालं असतं की खोली सावलीमुळे वाटते. व्हीटस्टननी एकेक पळवाट बंद केली आणि शेवटी शिल्लक ठेवली ती फक्त तफावत. खोली तरीही दिसली. त्याच्या पुढच्याच वर्षी छायाचित्रणाचा शोध जाहीर झाला आणि जोडचित्रांचं वेड युरोपभर पसरलं. आज थ्रीडी सिनेमाला मिळणारा चष्मा हेच काम करतो, प्रत्येक डोळ्याला त्याचं त्याचं चित्र पोहोचवतो.

मग ही दोन चित्रं एकत्र येतात कुठे? डोळ्यात तर नक्कीच नाही.

प्रत्येक डोळ्याच्या मागून चेतातंतूंची एक जाड वेणी निघते. दोन्ही वेण्या मेंदूच्या तळाशी एकमेकींना भेटतात आणि तिथे एक विलक्षण वाटणी होते. नाकाकडच्या अर्ध्या दृष्टिपटलाचे तंतू ओलांडून पलीकडे जातात, कानाकडच्या अर्ध्याचे आपल्याच बाजूला राहतात. परिणाम असा, की समोरच्या दृश्याचा डावा अर्धा भाग दोन्ही डोळ्यांकडून मेंदूच्या उजव्या बाजूला पोहोचतो आणि उजवा अर्धा भाग डाव्या बाजूला. म्हणजे एकाच जागेविषयीच्या दोन बातम्या एका ठिकाणी आणून ठेवायची सोय झाली. पुढचा थांबा मेंदूच्या मध्यभागी आहे. तिथे सहा थर असतात, तीन एका डोळ्याचे, तीन दुसऱ्याचे, अजूनही वेगवेगळे. डोक्याच्या पार मागच्या बाजूला, आपण उशीवर टेकवतो त्या भागात पोहोचल्यावर दोन्ही डोळ्यांची बातमी पहिल्यांदा एकाच पेशीत मिसळते.

या पेशींचा स्वभाव १९६७ मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांतून कळला. होरेस बार्लो, कॉलिन ब्लेकमोर आणि जॅक पेटिग्रू यांनी दाखवलं की दोन्ही डोळ्यांशी जोडलेल्या अशा अनेक पेशी ठरावीक तफावतीलाच जोरात प्रतिसाद देतात. एखादी पेशी दोन्ही डोळ्यांतली प्रतिमा नेमक्या जुळत्या जागी पडली की चेतते. दुसरी, प्रतिमा थोडी एका बाजूला सरकलेली असेल तर. तिसरी, उलट्या बाजूला सरकलेली असेल तर. जणू एकीचं काम "नजर जिथे आहे तिथेच" असं सांगण्याचं, दुसरीचं "नजरेच्या अलीकडे", तिसरीचं "नजरेच्या पलीकडे". अशा असंख्य पेशी मिळून दृश्याच्या कणाकणाला अंतर चिकटवतात.

अलीकडे आणि पलीकडे यांतला फरक मेंदूला कसा कळतो, हे तुम्ही बसल्या जागी पाहू शकता. दोन्ही हातांची तर्जनी नाकासमोर एकामागे एक धरा, एक वीतभर अंतरावर, दुसरी हातभर. लांबच्या बोटाकडे बघा, जवळची बोटं दोन होतील. आता उजवा डोळा मिटा. त्या दोनांतलं डावीकडचं बोट नाहीसं होईल, म्हणजे ते उजव्या डोळ्याचं होतं. मग जवळच्या बोटाकडे बघून लांबच्या जोडीवर तेच करा. या वेळी उजवीकडचं जाईल. जवळच्या वस्तूच्या प्रतिमा फुली मारल्यासारख्या अदलाबदल होतात, लांबच्या होत नाहीत. मेंदूला एवढी खूण पुरते. आणि हो, नजर जिथे नाही तिथलं बरंचसं जग आपल्याला सतत असं दुहेरीच मिळत असतं. मेंदू ते आपल्या लक्षात येऊ देत नाही. माझ्या वर्गातली मुलं हे पहिल्यांदा पाहतात तेव्हा काही जण घाबरून डोळे चोळतात.

इथे एक प्रश्न उरतो आणि तो मला सगळ्यांत अवघड वाटतो. तफावत मोजायची तर डाव्या चित्रातला हा ठिपका म्हणजे उजव्या चित्रातला तो ठिपका, हे आधी ठरवायला हवं. कोण कुणाची जोडी? सुपात पसरलेले तांदूळ डोळ्यांसमोर आणा. शेकडो दाणे, सगळे सारखे. डाव्या डोळ्यातला एक दाणा उजव्या डोळ्यातल्या कुठल्या दाण्याशी जुळवायचा? पूर्वी असं धरलं जाई की प्रत्येक डोळ्याच्या चित्रात मेंदू आधी वस्तू ओळखतो, हा कप, ही किटली, आणि मग कपाशी कप जुळवतो. हंगेरीतून १९५६ च्या उठावानंतर अमेरिकेत आलेल्या बेला युलेस यांनी हा समज मोडला. बेल प्रयोगशाळेत त्यांनी संगणकाकडून काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची दोन चित्रं काढून घेतली. दोन्ही चित्रांत ठिपके सारखेच, पूर्णपणे अस्ताव्यस्त. फक्त एका चित्रात मधला चौकोनी भाग किंचित बाजूला सरकवलेला. कुठलंही एक चित्र कितीही वेळ बघा, चौकोनाचा मागमूस नाही. पण दोन डोळ्यांना दोन चित्रं दाखवली की थोड्या वेळाने चौकोन वर उचलला जातो आणि ठिपक्यांवर तरंगू लागतो.

१९६० मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्याचा अर्थ असा, की ओळख पटण्याआधीच खोली काढता येते. जो चौकोन दोघांपैकी एकाही डोळ्याने पाहिलेला नाही, तो मेंदू पाहतो. शेजारच्या दाण्यांचा एकमेकांशी मेळ बसतोय का, पृष्ठभाग सलग राहतोय का, हे तपासत तो हजारो खोट्या जोड्या बाद करतो आणि खऱ्या ठेवतो. सुपातले तांदूळ पाखडताना आत्याची नजर एक बारीक खडा पटकन टिपते तेव्हा त्यामागे हे एवढं चाललेलं असतं.

हे करायला फार मोठा मेंदू लागतो असंही नाही. पुढचे दोन पाय हात जोडल्यासारखे धरून बसणारा तो हिरवा किडा, मॅन्टिस, पावसाळ्यात आपल्याकडे झाडाझुडपांवर दिसतो. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात संशोधकांनी त्याला मधमाश्यांच्या मेणाने चिमुकला थ्रीडी चष्मा चिकटवला आणि पडद्यावर भक्ष्य दाखवलं. तफावतीमुळे ते हाताच्या टप्प्यात आल्यासारखं भासलं की किडा झडप घालायचा. आपल्याहून त्याची रीत वेगळी आहे, पण काम तेच.

आता या साधनाची ताकद आणि मर्यादा. ती मला माडापाशी नीट समजली. चांगली नजर असलेल्या माणसाला अर्ध्या मीटरवर, म्हणजे हाताच्या टप्प्यात, अर्ध्या मिलिमीटराहून कमी मागेपुढे असलेलं कळू शकतं. अबोलीची फाती गुंफताना लागते ती हीच नजर. दहा मीटरांवर तोच माणूस जेमतेम पंधरा सेंटिमीटरांचा फरक ओळखतो, आणि शंभर मीटरांवर पंधरा मीटरांचा. अंतर दहापट झालं की चूक शंभरपट होते. आमच्या परसातला माड पंधरा मीटर उंच आहे. त्याच्या बुंध्याशी उभं राहून वर बघितलं तर घडातल्या दोन नारळांमध्ये फूटभराहून जास्त मागेपुढे असेल तरच नुसत्या तफावतीवरून काही कळेल, आणि नारळ त्याहून लहान असतो. खालून घड चिकटवल्यासारखा सपाट दिसतो तो यामुळे. पाडेली वर चढतो, घड त्याच्या हाताच्या अंतरावर येतो, आणि त्याच माणसाच्या त्याच डोळ्यांना देठ कुठे आहे ते केसभर चुकीने कळतं. कोयत्याचा एक घाव पुरतो. मला त्या घावाचं नेहमीच कौतुक वाटत आलंय. हे गणित केल्यावर ते वाढलं.

मग लांबचं जग सपाट का वाटत नाही? कारण मेंदू एकाच साक्षीदारावर विसंबत नाही. रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीच्या कठड्याला टेकून एक डोळा मिटा. काठावरची खारफुटी भरभर मागे जाते, तिच्यामागचे माड संथपणे, आणि पार मागचे डोंगर हलतच नाहीत. हलण्याच्या वेगातला हा फरक अंतराची पक्की खूण आहे आणि तिला एक डोळा पुरतो. जी वस्तू दुसरीला झाकते ती पुढची. ओळखीची वस्तू लहान दिसली तर ती लांबची. हवेतल्या धुरकटपणामुळे दूरचे डोंगर फिके आणि निळसर दिसतात, म्हणून फिकं ते लांबचं. या शेवटच्या खुणेला मेंदू फसतोही. पावसाची मोठी सर येऊन गेली आणि हवा धुतली गेली की सत्तरीकडचे डोंगर एकदम गावाच्या वेशीपर्यंत आल्यासारखे वाटतात. डोंगर आपल्या जागीच असतात, धुरकटपणा तेवढा गेलेला असतो.

म्हणून एक डोळा गेलेल्या माणसाचं जग सपाट होतं असं समजू नये. मन्सूर अली खान पतौडींचा उजवा डोळा १९६१ च्या जुलैत इंग्लंडमधल्या मोटार अपघातात निकामी झाला. सहा महिन्यांच्या आत ते भारताकडून पहिली कसोटी खेळले आणि १९६२ मध्ये, एकविसाव्या वर्षी, कर्णधार झाले. ४६ कसोटी, सहा शतकं. अपघातानंतर सुरुवातीला त्यांना कशाचा त्रास झाला माहीत आहे? जगमधून पाणी ओतताना ते ग्लासात न पडता टेबलावर पडायचं, असं त्यांनीच पुढे लिहिलंय. आत्याला मी हे सांगितलं तेव्हा तिला फार बरं वाटलं. वीस मीटरांवरून येणारा चेंडू मोठा मोठा होत जातो आणि त्या वाढण्याच्या वेगावरून तो कधी पोहोचेल याचा अंदाज येतो. तिथे सरावाने बरंच सावरता येतं. हाताच्या टप्प्यातल्या कामाला मात्र दुसरा डोळा हवाच असतो.

हे सगळं मी त्या संध्याकाळी वसरीवर बसून भाचरांना सांगत होतो. शनिवार होता, बहीण मुलांना घेऊन आली होती. चहा का सांडला ते कळावं म्हणून सगळ्यांना ओळीने उभं केलं आणि अंगठ्याचा प्रयोग करायला लावला. मुलं ओरडत होती, उडाला, उडाला! सहा वर्षांची धाकटी भाची मात्र गप्प होती.

"मामा, या डोळ्याने अंगठा नीट दिसतच नाही," ती म्हणाली. "धुकं आहे."

डावा डोळा. ती वाचत होती, चित्रं काढत होती, टीव्ही लांबून बघत होती. दोन्ही डोळे उघडे ठेवून तिने कुठल्याही तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली असती, कारण उजवा डोळा उत्तम होता. तिला स्वतःलाही माहीत नव्हतं. माहीत कसं असणार? सगळ्यांना असंच दिसतं असंच तिला वाटत होतं.

नेत्रतज्ज्ञांनी सांगितलं, आळशी डोळा. डाव्या डोळ्याचा नंबर उजव्यापेक्षा बराच जास्त होता. लहानपणापासून त्या डोळ्याकडून धूसर चित्र येत राहिलं आणि मेंदूने त्याचं ऐकणं सोडून दिलं. त्यांनी तिला एक चष्मा घालून मोठ्या माशीचं चित्र दाखवलं, तिचे पंख चिमटीत पकड म्हणाले. ज्यांना दोन डोळ्यांनी खोली दिसते ती मुलं कागदाच्या वर हवेतच चिमटी घेतात, काही तर दचकून हात मागे घेतात. भाचीने बोटं सरळ कागदावर टेकवली.

बाळ जन्मतं तेव्हा त्याला दोन डोळ्यांची ही खोली दिसत नसते. साधारण चौथ्या महिन्याच्या आसपास ती उमलते आणि मग झपाट्याने बारीक होत जाते. पण त्यासाठी दोन्ही डोळ्यांकडून स्वच्छ आणि एकाच जागेचं चित्र येत राहावं लागतं. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी १९६० च्या दशकात मांजराच्या पिल्लांचा एक डोळा जन्मानंतरचे पहिले काही आठवडे शिवून बंद ठेवला. पुढे उघडल्यावर डोळा धडधाकट होता, पण मेंदूतल्या बहुतेक पेशी त्याला प्रतिसादच देईनात. दुसऱ्या डोळ्याने ती जागा व्यापून टाकली होती. मोठ्या मांजराचा डोळा तेवढाच काळ बंद ठेवला तर असं काही होत नसे. दृष्टीवरच्या कामासाठी दोघांना १९८१ चं नोबेल मिळालं. पिल्लांचं वाचून वाईट वाटतं. पण लहान मुलांच्या डोळ्यांवर लवकर उपचार करण्याची घाई डॉक्टर आज करतात, त्यामागे हे ज्ञान आहे.

आमच्याकडे अजून ऐकू येतं की मुलाचा डोळा थोडा तिरळा असणं भाग्याचं, किंवा मोठं झालं की आपोआप सरळ होईल. हे ऐकून मला कळकळीने सांगावंसं वाटतं, थांबू नका. डोळे वेगवेगळ्या दिशांना बघत असतील तर मेंदूला दोन वेगळ्याच जागांची चित्रं मिळतात, तफावत मोजायची सोयच राहत नाही, आणि तो एका डोळ्याला गप्प करतो. तिरळेपणा निदान दिसतो तरी. भाचीसारख्या मुलांचे डोळे बाहेरून अगदी सरळ असतात. जगभरचा अंदाज असा, की शंभरांतल्या दोन-तीन मुलांचा एक डोळा आळशी असतो. घरच्या घरी करण्यासारखी गोष्ट एवढीच, की मुलाचा एकेक डोळा तळहाताने पूर्ण झाकून दुसऱ्याने बघायला लावायचं. एक डोळा झाकला की मूल कुरकुरतं आणि दुसरा झाकला की नाही, असं दिसलं तर डॉक्टरांकडे जायचं. आणि तसं काही दिसलं नाही तरी शाळेत घालण्याआधी एकदा नेत्रतज्ज्ञांना दाखवायचं.

उपचार ऐकायला विचित्र वाटतो. चष्मा द्यायचा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावायची, म्हणजे मेंदूला आळशी डोळ्याचं ऐकावंच लागतं. सात वर्षांखालच्या मुलांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की डोळा मध्यम प्रमाणात आळशी असेल तर दिवसाला दोन तास पट्टीनेही सहा तासांएवढाच फायदा होतो. आमच्या बहिणीला याचा केवढा आधार वाटला. किती तास, किती महिने, हे मात्र ज्याच्या त्याच्या डोळ्याप्रमाणे डॉक्टरच ठरवतात. लवकर केलेलं बरं, पण वय गेलं म्हणून दार पूर्ण बंद होतं असंही नाही. सूझन बॅरी या अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञ बाईंचे डोळे बाळपणापासून तिरळे होते. शस्त्रक्रियांनी ते सरळ दिसू लागले, पण खोली कधी दिसली नाही. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी डोळ्यांचे व्यायाम सुरू केल्यावर एक दिवस गाडीत बसताना त्यांना स्टिअरिंगचं चाक पुढे, हवेत आल्यासारखं दिसलं. पुढे बर्फ पडताना आपण बर्फाच्या पडद्यासमोर उभ्या नसून त्याच्या आत उभ्या आहोत असं त्यांना वाटलं. पावसात वसरीवर बसलो की मी हल्ली धारांकडे बघत राहतो. जवळच्या पागोळ्या, त्यांच्यामागे आंगणातल्या, त्यांच्यामागे कुळागरातल्या.

भाचीची पट्टी वर्षभर चालली. आत्या तेव्हा तिच्या शेजारी बसून पानांवरचे किडे मोजायला लावायची.

गेल्या महिन्यात भाची पुन्हा आली तेव्हा मी वसरीच्या वाशाला दोरी बांधून तिला एक सुपारी लटकवली आणि डावी-उजवीकडे झोका दिला. हा प्रयोग जर्मनीचे कार्ल पुलफ्रिख यांनी १९२२ मध्ये समजावून सांगितला. एका डोळ्यापुढे काळ्या चष्म्याची एकच काच धरायची आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून झोका बघायचा. काचेमागचा डोळा अंधारात असतो, त्याची बातमी मेंदूला काही मिलिसेकंद उशिरा पोहोचते. तेवढ्यात सुपारी पुढे सरकलेली असते. म्हणजे एका डोळ्याची सुपारी इथे, दुसऱ्याची जरा मागे. मेंदू या तफावतीलाही खोलीच समजतो, आणि सरळ रेषेत झुलणारी सुपारी गोल फिरताना दिसते. काच दुसऱ्या डोळ्यापुढे धरली की उलटी फिरते. पुलफ्रिख यांची स्वतःची एका डोळ्याची दृष्टी गेलेली होती. ज्या भासाला आज त्यांचं नाव आहे तो त्यांना कधी पाहता आला नाही.

मी भाचीला यातलं काही सांगितलं नव्हतं. नुसती काच हातात दिली आणि म्हटलं, या डोळ्यावर धर आणि सुपारी कशी हलते ते सांग. ती बराच वेळ बघत होती. बहीण दारात उभी होती, आत्या हातातलं सूप खाली ठेवून आली होती.

"मामा, ही सरळ नाही जात," भाची म्हणाली आणि हवेत बोटाने लांबट गोल काढून दाखवला. "अशी फिरते. माझ्याकडे येते आणि परत जाते."